आजी हरवली, की आम्ही?



परवा आमच्या चौथीच्या वर्गात नकाशावाचनाचा तास चालू होता. जगाचा नकाशा फळ्यावर टांगलेला. एवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

“बाई, माझे काका सिंगापूरला जाऊन आले! विमानानं!”

झालं! मग दुसऱ्याचे मामा दुबईला, तिसऱ्याची आत्या लंडनला. नकाशा राहिला बाजूला. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका चिमुरडीनं मला विचारलं, “बाई, तुम्ही गेलात का हो कधी परदेशात?”

“गेले की!” मी म्हटलं. “भुसावळला गाडीत बसले आणि तासाभरात परमुलखात उतरले. तिथं आमची आजी हरवली, परत येताना आम्हीही हरवलो आणि घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.”

वर्ग चिडीचूप. “कोणता देश, बाई?”

“बुरहानपूर.”

मुलं खो खो हसली. तुम्हीही हसलात ना? हसा, हसा. पण गोष्ट तर ऐकाल?

बुरहानपूर आज मध्य प्रदेशात आहे. रावेरच्या पुढे वाघोडा गेलं की थोड्याच वेळात राज्याची हद्द ओलांडते आणि पाट्या हिंदीत दिसू लागतात. पण गंमत अशी, की हे गाव एकेकाळी आपल्या खानदेशची राजधानी होतं! चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशात फारुकी राजांचं राज्य सुरू झालं. त्यांची पहिली राजधानी धुळे जिल्ह्यातलं तापीकाठचं थाळनेर. मग पुढच्या राजानं तापीच्याच काठी, पण वरच्या अंगाला, नवं शहर वसवलं. बुरहानुद्दीन या सुफी संतांच्या नावावरून त्याला बुरहानपूर म्हणू लागले. पुढं १६०१ मध्ये अकबरानं जवळचा आसीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. इंग्रजांच्या काळात बुरहानपूर मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात गेलं, आपला खानदेश मुंबई इलाख्यात राहिला. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे आपले जळगाव आणि धुळे (धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला). अशा रीतीनं राजधानी एकीकडे आणि मुलूख दुसरीकडे!

तर गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही ही राजधानी पाहायला निघालो. आम्ही म्हणजे मी, मुलांचे बाबा, सातवीतली थोरली, तिसरीतला धाकटा आणि आजी. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या थाळनेरकडच्या. बोलतात अहिराणी. वय शहात्तर, पण पाय अजून घट्ट.

मी पडले शिक्षिका. आदल्या रात्री बसून वहीच्या पानावर यादी केली. ‘कुंडी भंडारा – १ तास. किल्ला – दीड तास. जामा मशीद – अर्धा तास. जेवण – अर्धा तास.’ अगदी शाळेच्या वेळापत्रकासारखी! आजी शेजारी शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. त्या म्हणाल्या, “मना मामानं घर व्हतं तठे. मामाकडे माग व्हता. दखी येऊत का?”

‘दखी येऊत का’ म्हणजे ‘पाहून येऊया का’. मी यादीवरून नजर न काढताच म्हटलं, “बघू हं आई, वेळ उरला तर.”

मुलांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं ते मला चांगलंच महागात पडलं.

सकाळी कळण्याच्या भाकरी, ठेचा, चटणी असा डबा बांधता बांधता उशीर झाला आणि भुसावळची ठरलेली गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली! ही पहिली फजिती. यादीतला पाऊण तास तिथंच गळाला. मग दुसऱ्या गाडीत कसेबसे शिरलो. भुसावळ सुटताच तापीचा पूल लागला. आजींनी नदीला हात जोडले. सावदा, निंभोरा, रावेर... दोन्ही बाजूंना केळीच्या हिरव्यागार बागा. धाकटा खिडकीला नाक लावून ‘राज्याची रेघ’ शोधत होता. नकाशात असते ना, तशी! ती काही त्याला दिसली नाही. या बाजूला केळी, त्या बाजूलाही केळीच.

बुरहानपूरचं स्टेशन गावापासून थोडं लांब आहे. बाहेर पडताच धाकट्यानं आपली हिंदी परजली. रिक्षावाल्याला म्हणाला, “भैया, हमको कुंडी भंडारा देखने का है. कितना पैसा लगेंगा?”

रिक्षावाले काका हसले. म्हणाले, “बाळा, मराठीत बोल की. माझी सासुरवाडी रावेरची आहे!”

ही दुसरी फजिती. परमुलूख, परमुलूख म्हणत आलो आणि पहिलाच माणूस निघाला आपल्या शेजारचा!

काकांनी आम्हांला आधी कुंडी भंडाऱ्याला नेलं. वरून पाहिलं तर काय? ओळीनं विहिरींची तोंडं दिसतात, एकामागून एक, शंभराहून अधिक! खरी करामत आहे ती खाली. या साऱ्या विहिरी जमिनीखालच्या एका बोगद्यानं जोडलेल्या आहेत. सातपुड्याच्या डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी झिरपत झिरपत या बोगद्यात येतं. बोगद्याला अगदी हलका उतार दिलेला आहे. त्यामुळं पाणी आपोआप शहराकडे वाहत जातं. ना मोट, ना पंप, ना वीज! १६१५ च्या सुमारास हे काम झालं. तेव्हा इथला कारभार पाहत होते अब्दुर्रहीम खानखाना. म्हणजे तुमच्या हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे असतात ना, तेच रहीम! इराणात अशा बोगद्यांनी पाणी आणायची फार जुनी पद्धत आहे. तिकडच्याच एका जाणकारानं हे काम आखलं. जवळपास त्याच काळात आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरनं अशीच नहर बांधली होती.

करून पाहा : एका ताटात वाळूचा उतार करा. उंच बाजूला हळूहळू पाणी ओता आणि खालच्या बाजूला बोटानं एक चर पाडा. पाणी चरात कसं गोळा होतं ते बघा. कुंडी भंडारा समजलाच म्हणून समजा!

तिथून आम्ही गेलो तापीकाठच्या शाही किल्ल्यात. किल्ल्याचा बराच भाग पडलेला आहे. पण शाही हमाम, म्हणजे स्नानगृह, अजून उभं आहे. त्याच्या छतावर रंगीत वेलबुट्टी आहे. मान मोडेस्तोवर वर पाहत राहावं! याच बुरहानपुरात १७ जून १६३१ रोजी शाहजहानची बेगम मुमताजमहल वारली. चौदाव्या बाळंतपणात. होय, ताजमहालवाली मुमताज! तिला आधी इथंच, नदीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत पुरलं होतं. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. किल्ल्यावरून नदीपलीकडे बोट दाखवत मी हे सारं मुलांना सांगत होते.

आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, “चौदा लेकरं... बिचारी.” मग इकडंतिकडं पाहत पुन्हा म्हणाल्या, “मामानं घर आठेच कोठेतरी व्हतं. मागांचा आवाज यायचा.”

मी घड्याळ पाहिलं. सव्वाएक वाजला होता. यादीप्रमाणे आम्ही मशिदीत असायला हवं होतं. “आई, चला बरं, उशीर होतोय,” मी म्हटलं. जरा रागानंच म्हटलं, खोटं का सांगू?

जामा मशीद भर बाजारात आहे. काळ्या दगडाची, उंच मिनारांची, पंधरा कमानींची. फारुकी राजा आदिलशाहानं ती बांधली. आत एक नवल आहे. मशिदीत अरबी लेखाबरोबर चक्क संस्कृत शिलालेख कोरलेला आहे! त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशी दोन्ही वर्षं दिली आहेत. आपल्या पंचांगात असतात ना, तशी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. करा पाहू हिशेब! थोरली वहीत तो हिशेब करत होती, धाकटा कमानी मोजत होता, बाबा फोटो काढत होते आणि मी माहिती सांगत होते.

बाहेर आलो. समोरच मावा जिलबीची कढई. बुरहानपूरची मावा जिलबी प्रसिद्ध आहे. खव्याची, गडद रंगाची, एक खाल्ली की पोट भरेल अशी. पाच जिलब्या सांगितल्या. द्रोण हातात आले. एक, दोन, तीन, चार... पाचवा द्रोण कोणाचा?

“आजी कुठंय?” धाकट्यानं विचारलं.

आजी नव्हत्या.

मुलांनो, त्या क्षणी पोटात काय होतं ते सांगता येत नाही. आधी वाटलं, मागंच असतील. मशिदीच्या दारात पाहिलं, आत पाहिलं. नाहीत. चपलांपाशी पाहिलं, आजींच्या चपला नाहीत. बाजारात ही गर्दी! आजींकडे फोन नाही. पिशवीत पत्त्याची चिठ्ठीसुद्धा नाही.

आता मी तुम्हांला माझी लाजेची गोष्ट सांगते. शाळेची सहल निघते तेव्हा मी चाळीस मुलांच्या खिशात चाळीस चिठ्ठ्या ठेवते. नाव, शाळा, फोन नंबर. एकही मूल विसरत नाही. आणि स्वतःच्या सासूबाईंच्या पिशवीत चिठ्ठी ठेवायचं मला सुचलं नाही! का? तर त्या मोठ्या आहेत म्हणून. मोठी माणसं हरवत नाहीत, असं आपण धरूनच चालतो.

बाबा एका दिशेला धावले. मी मुलांचे हात घट्ट धरून जिलबीच्या दुकानापाशीच थांबले, कारण हरवलेलं माणूस परत येतं ते शेवटच्या ठिकाणी. दुकानदारानं आपला पोऱ्या दुसऱ्या गल्लीत पिटाळला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. बाबा घामाघूम होऊन परत आले, एकटेच. “पोलीस चौकीत जातो,” म्हणाले. धाकट्याच्या हातातली जिलबी तशीच होती. त्याचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात थोरली म्हणाली, “आई, आजी सकाळपासून काय म्हणत होती?”

“काय म्हणत होत्या?” मला आठवेचना! कसं आठवेल? मी ऐकलंच कुठं होतं?

“मामाचं घर. आणि मागाचा आवाज. काल म्हणाली, गाडीत म्हणाली, किल्ल्यातही म्हणाली. आई, इथं जवळ माग कुठं चालतात ते विचार ना कोणाला!”

बुरहानपूर हे जुनं विणकरांचं शहर आहे, बरं का. साडेतीनशे वर्षांपूर्वी ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून निघून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्या गावांतून प्रवास करत इथं आला होता. त्यानं लिहून ठेवलंय, की इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जातं. आजही इथं यंत्रमागांची खटखट चालू असते. हे सगळं मला ठाऊक होतं. यादीच्या मागच्या पानावर मी ते लिहूनही आणलं होतं! पण पुस्तकातले विणकर आणि आजींचे मामा यांची सांगड काही मला घालता आली नाही. ती घातली सातवीतल्या मुलीनं.

जिलबीवाल्यानं हात केला, “उस तरफ, दो गली छोडके.” बाबांना दुकानाशी थांबवून आम्ही तिघं निघालो. पहिली गल्ली गेली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशीच आवाज कानावर आला. खटक-खटक, खटक-खटक. आणि चार घरं पुढं, एका निळ्या दाराच्या घरासमोरच्या ओट्यावर, पाय सोडून, बशीत चहा ओतून पीत बसल्या होत्या आमच्या आजी! शेजारी त्यांच्याच वयाच्या एक बाई. दोघींच्या गप्पा रंगात आलेल्या. एक बोलतेय अहिराणी, दुसरी बोलतेय निमाडी मिसळलेली हिंदी, आणि दोघींना सगळं समजतंय!

“आई!” मी जवळजवळ ओरडलेच. “कुठं गेला होतात? आम्ही किती शोधलं!”

आजींनी बशी खाली ठेवली. शांतपणे म्हणाल्या, “मी ते आठेच शे. तुम्हीच कोठे गयथात?”

मी काय उत्तर देणार? खरंच होतं ते. त्या जिथं यायला निघाल्या होत्या तिथंच पोचल्या होत्या. आम्हीच भलतीकडे फिरत होतो.

मामाचं घर त्यांना सापडलं का? नाही. ही तीच गल्ली की दुसरी, हेही त्यांना नक्की सांगता येईना. दहा वर्षांच्या असताना शेवटचं पाहिलेलं घर ते. दारात लिंबाचं झाड होतं म्हणे. झाड कुठंच नव्हतं. पण त्या ओट्यावर बसून आजींनी आम्हांला सांगितलं, की मामा मागावर बसायचा तेव्हा छोट्या आजी कांड्या भरून द्यायच्या. दिवसभराच्या कांड्यांचे मामा एक आणा द्यायचा. त्या आण्याची जिलबी घ्यायची आणि घरी येईपर्यंत संपवायची, नाहीतर मामेभाऊ हिसकून घ्यायचे! धाकट्यानं मुकाट्यानं आपली जिलबी आजींच्या हातात दिली.

मी आजींची क्षमा मागितली. मुलांसमोरच मागितली. आजी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे व माय,” आणि जिलबीचा तुकडा माझ्याच तोंडात घातला.

त्या यजमानीणबाईंनी आम्हांलाही चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. नाव ना गाव, ओळख ना पाळख! यादीतली उरलेली ठिकाणं राहिली. मिर्झाराजे जयसिंगांची छत्रीसुद्धा. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे १६६७ मध्ये बुरहानपुरातच वारले. ती छत्री पुढच्या खेपेला पाहू.

तुम्हांला वाटलं, गोष्ट संपली? छे! शेवटची फजिती अजून बाकी आहे.

संध्याकाळी धावतपळत स्टेशनवर आलो. गाडी उभीच होती. पाटी न वाचता, कोणाला न विचारता आम्ही आत घुसलो. जागाही मिळाली. काय आनंद! गाडी सुटली. पाच मिनिटं झाली असतील, आजी खिडकीतून पाहत म्हणाल्या, “सूर्य मांगे कसा?”

मी दचकले. बुरहानपूरहून भुसावळ आहे नैर्ऋत्येला. संध्याकाळी घरी जाताना सूर्य समोरच्या बाजूला दिसायला हवा. हा तर पाठीमागं मावळतोय! ‘उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा...’ हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. आणि आम्ही बसलो होतो खांडव्याकडच्या गाडीत! ही चूक ना गाडीची ना स्टेशनची. सर्वस्वी आमची.

गाडी थांबली नेपानगरला. खाली उतरून तिकीट तपासनिसांना खरं ते सांगितलं, नियमाप्रमाणे पैसे भरले आणि परतीच्या गाडीची वाट पाहत थंडीत कुडकुडत बसलो. उरलेल्या भाकरी तिथंच संपवल्या. ठेच्यानं थंडी जरा पळाली! हे नेपानगर म्हणजे काय ठाऊक आहे? आपल्या देशातला वर्तमानपत्राच्या कागदाचा पहिला कारखाना इथं उभा राहिला. सातपुड्यातल्या सालईच्या लाकडाचा आणि बांबूचा लगदा करून इथं कागद बनवत. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला. कारखान्याच्या नावावरूनच गावाला नेपानगर हे नाव पडलं. धाकटा म्हणाला, “आई, हे तर यादीत नव्हतं!” नव्हतंच मुळी. चुकलो म्हणून कळलं.

घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. दुसऱ्या दिवशी ती यादी मी पाहिली. बारीक अक्षरात, सुवाच्य, वेळेनिशी लिहिलेली. तिच्या खाली थोरलीनं पेन्सिलीनं एक ओळ वाढवली होती : ‘आजीच्या मामाची गल्ली – जेवढा वेळ लागेल तेवढा.’

तर दोस्तांनो, सुट्टीत तुम्ही सिंगापूरला जा, नाहीतर शेजारच्या तालुक्याला जा, एवढं मात्र करा.

१. घरातल्या प्रत्येकाच्या खिशात नाव-पत्ता-फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. आजी-आजोबांच्यासुद्धा!

२. चुकामूक झाली तर शेवटी जिथं सगळे एकत्र होतो, तिथंच थांबायचं, हे निघतानाच ठरवा.

३. गाडीत चढण्याआधी पाटी वाचा, एकाला विचारा, आणि सूर्य कुठं आहे तेही बघा.

४. आणि आज रात्री जेवताना आपल्या आजीला किंवा आजोबांना विचारा, “तुम्हांला पुन्हा एकदा कोणतं गाव पाहावंसं वाटतं?” उत्तर देताना त्यांना मध्येच तोडू नका. ते गाव नकाशात शोधा. त्याच्याविषयी पाच ओळी वहीत लिहून काढा.

पालकांनो, ती वही तुम्हीही वाचा. पुढच्या सहलीची यादी कदाचित तिच्यातच मिळेल.

आमचं म्हणाल तर, येत्या सुट्टीत आम्ही पुन्हा बुरहानपूरला जाणार आहोत. या वेळी लिंबाचं झाड शोधायला. यादी आजी सांगणार आहेत आणि मी नुसती लिहून घेणार आहे.

तुमची,
बाई